उन्हात वाळवलेल्या सेलांवरचं रॉक

रॉक वाजवणारे लोक कॅसेटची बाजू संपत आली की पळायला लागतात, असं आम्ही तिघं कितीतरी दिवस छातीठोकपणे सांगत होतो. नुसते पळत नाहीत, त्यांचा सूरही चढतो. पहिल्या गाण्यात बाप्या माणसासारखा गाणारा गायक शेवटच्या गाण्यात मिसरूड न फुटलेल्या पोरासारखा ऐकू यायचा. याचं नवल वाटायचं, पण शंका कधी आली नाही. कारण भजनात हेच होतं. अभंग निवांत सुरू होतो, मग टाळ चढतात, मृदंग चढतो आणि शेवटी सगळे टाळकरी उभे राहून धावायला लागतात. लेझीम घ्या, वरात घ्या, तेच. मग गोऱ्यांनी वेगळं कावून करावं? मास्तर तर म्हणायचा, लय चढणं हा माणसाचाच धर्म हाय, त्यात देश कुठला आला.

मास्तर म्हणजे आमच्या तिघांतला एक. चौसाळ्याकडच्या मेंढपाळाच्या घरचा, दिंद्रुडच्या शाळेत गणित शिकवायचा आणि बीडच्या बाजारातून घेतलेली जुनी गिटार बाळगून होता. दुसरा फिटर. कापसातली सरकी काढून रुई करणाऱ्या आमच्या सहकारी जिनिंगमधली मशिनं तो सांभाळायचा. त्याला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण गाण्यातले शब्द तो जसेच्या तसे घशातून काढायचा. तिसरा मी. जिनिंगमध्ये ग्रेडर होतो. शेतकऱ्यानं आणलेल्या कापसाची चिमूट बोटांत ओढून धागा किती लांब, किती ओला, कुठल्या प्रतीचा, ते सांगायचं. शेतीची पदवी घेऊन आलो होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. हे मी तेव्हाही सांगायचो, आजही सांगतो. त्यात लाजायचं काय?

त्या वर्षी पाऊस दडी मारून बसलेला. बोंडं हरभऱ्याएवढी राहिली. एरवी जिनिंगच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत जायची, त्या हंगामात दुपारी चार गाड्या आल्या तरी आम्ही उठून बघायचो. मशिनं बंद, माणसं बसून. अशा रिकाम्या दिवसांत गाठी दाबायच्या प्रेसची काही कुरबुर निघाली म्हणून औरंगाबादहून एक इंजिनिअर आला. पाहुण्यांच्या खोलीत उतरला. त्याच्या पिशवीत टेपरेकॉर्डर आणि डबाभर कॅसेटी होत्या. प्रेस उघडून बसला की शेजारी टेप लावायचा. मला त्या गिटारीनं जे धरलं ते धरलंच. कॉलेजात असताना वसतिगृहातल्या पैसेवाल्या पोरांच्या खोलीतून हे असलं काहीतरी ऐकू यायचं, पण तेव्हा त्या दारात उभं राहून विचारावं असं वाटलं नव्हतं. इथं इंजिनिअर आमच्याच प्रेसपाशी बसलेला होता. मी विचारलं. तो इतका खूश झाला की प्रेस बाजूला राहिली आणि तो मला एकेका गाण्याचा जन्म सांगायला लागला.

जायच्या आधी त्यानं कॅसेटी उतरवून घ्या म्हटलं. त्या आठवड्यात लाईट गेलेली होती, म्हणून दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून, सेलांवर, हवेतूनच गाणी उतरवायची ठरलं. फिटरनं दुकानातून सेलांचा एक नवा जोड आणला. तो आम्ही पाहुण्याच्या टेपमध्ये घातला. पाहुण्याला शिळं कोण वाढतं? आमच्या टेपमध्ये आमचे जुने सेल घातले, जे आम्ही गोदामाच्या पत्र्यावर उन्हात वाळवून पुन्हा वापरायचो. खेड्यात सेल असेच दोन-तीनदा जगवतात. तापले की घटकाभर नव्यासारखे चालतात. त्या कॅसेटींत आजही कुठं कुठं गिटारीच्या मागं बैलाच्या गळ्यातली घंटा आणि मास्तराचा खोकला ऐकू येतो.

मग रविवार आमचा झाला. दुपारी लाईट आली की रुईच्या रिकाम्या गोदामात जमायचं आणि ऐकायचं. नुसतं ऐकायचं नाही, शोधायचं. हा गट कधी जमला, कधी फुटला, कोण कुणावर रुसला. इंजिनिअर पत्रातून कळवायचा, बीडच्या रद्दीच्या दुकानात एखादं इंग्रजी मासिक सापडायचं, शॉर्टवेव्हवर कधी परदेशी स्टेशन लागायचं. मी वाचून सांगायचो. फिटर अधूनमधून म्हणायचा, ग्रेडर साब, ये लोगां इत्ते झगडते तो गाते कब?

शोधता शोधता मला एक गोष्ट सापडली आणि झोप उडाली. हे संगीत मुळात गोऱ्यांचं नव्हतंच. अमेरिकेच्या दक्षिणेला एका मोठ्या नदीकाठी काळीभोर जमीन आहे, तिथं कापूस पिकतो, आणि तो वेचायला आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं गुलाम म्हणून राबवली होती. त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी कापसाच्या फडात, रस्त्यावर, गुत्त्यांत जे गायलं-वाजवलं, त्याच्या तबकड्या बोटीतून इंग्लंडला गेल्या. तिकडच्या पोरांनी त्या झिजेपर्यंत ऐकल्या आणि त्यातून हे रॉक उभं केलं. मी रोज ज्या अमेरिकन जातीच्या कापसाचा धागा ओढून बघत होतो, त्याच कापसाच्या ओळीत हे गाणं जन्मलेलं. हे समजल्यावर मी ते दोघांना इतक्या वेळा सांगितलं की मास्तरानं हात जोडले.

ठेका धरायला मीच लागलो. तेलाचा रिकामा डबा, पाण्याचं पिंप, आणि गाठी बांधायच्या लोखंडी पट्टीचे तुकडे दोरीला टांगलेले, असा माझा ड्रमसेट. हात बरा चालायचा. कसा, ते मला ठाऊक नव्हतं. आणि त्याच सुमारास इंजिनिअरचं बोलावणं आलं. औरंगाबादला जुन्या रॉकचे शौकीन वर्षातून एकदा एका हॉलमध्ये जमतात, तबकड्या ऐकतात, इतिहासावर भांडतात, ज्यांना येतं ते वाजवतात. तुम्ही तिघांनी एक गाणं वाजवा. खरा ड्रमसेट असेल.

मास्तर आणि फिटर त्याच दिवशी हो म्हणाले. माझी अडचण घरात होती.

माझे वडील तेव्हा माझ्याजवळ राहायला आले होते. आम्ही बीडजवळच्या पालीचे. बिंदुसरेच्या तलावात भेगा पडलेल्या, वस्तीवर टँकर कधी यायचा कधी नाही. जिनिंगला स्वतःची बोअर होती, म्हणून मी त्यांना घेऊन आलो; आई घर सोडून यायला तयार झाली नाही. वडील तरुणपणी हलगी वाजवायचे. पंचक्रोशीत त्यांच्यासारखा हात नव्हता, असं म्हातारी माणसं सांगायची. स्वतः वडील कधीच काही सांगत नसत. लग्न, वरात, जत्रा, गावानं बोलवलं की जायचं. ना म्हणायची सोय नव्हती. सगळ्यांच्या पुढं वाजवत चालायचं आणि सगळ्यांच्या मागं, उकिरड्याच्या कडेला बसून उरलेलं खायचं. छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि वस्तीनं ठरवलं, आजपासून हलगी बंद. गावानं काम बंद केलं, वाट अडवली, तरी वस्ती मागं हटली नाही. वडिलांनी हलगी सोडली ती सोडलीच. माझ्या जन्मात मी ती घरात पाहिली नाही.

त्यांनी मला डबा वाजवताना एका रविवारी पाहिलं. गोदामाच्या दारात उभे राहिले आणि तसेच जिनिंगनं दिलेल्या क्वार्टरवर परत गेले. त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुता धुता म्हणाले, "घरात वाजव, डबा फोड, माझं काय न्हाई. लोकांपुढं वाजवायचं न्हाई. त्याच्यासाठी शिकवलं न्हाई तुला."

मी नोकरीचा माणूस होतो. लग्न, बदली, मत कुणाला द्यायचं, यातलं काही मी कुणाला विचारत नव्हतो. पण यात त्यांच्या परवानगीशिवाय जाणं मला जमणारं नव्हतं. वाजवणं सोडायला काय लागलं होतं, ते त्यांनी भोगलं होतं. त्यांनी नाही म्हटलं तर मी जाणार नाही, असं मी मास्तराला सांगून टाकलं. मास्तर म्हणाला, मग आमी काय टाळ्या वाजवाया जावं का?

मी वाद घातला नाही. मी त्यांना इतिहास सांगायला लागलो. संध्याकाळी क्वार्टरच्या ओट्यावर बसलं की सुरू. कापसाचं सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. म्हणाले, वेचणी बायाबी करायच्या का? मी म्हटलं, बाया, पोरं, सगळी. मग त्यांचे प्रश्न सुरू झाले, आणि ते मला कुठल्याच मासिकात सापडेनात. वाजवणाऱ्याला बोलवायचं कोण? बोलवलं तर ना म्हणता यायचं का? जेवायला कुठं बसवायचे? मी तबकडी कुठल्या साली निघाली ते पाठ करून बसलेलो, आणि हे विचारत होते की जेवायला कुठं बसवायचे. मी इंजिनिअरला पत्र टाकलं. त्यालाही नवलच वाटलं, पण त्यानं शोधून कळवलं. कितीतरी ठिकाणी गोऱ्यांच्या नाचाला हे लोक वाजवायचे, पण यायचं-जायचं मागच्या दारानं. त्याच हॉटेलात जेवायला, झोपायला मिळायचं नाही. पुढं इंग्लंडच्या पोरांनी त्यांतल्या काही म्हाताऱ्यांना आपल्या देशात नेलं, तिथं लोक त्यांना बघायला गर्दी करायचे.

हे सगळं वडिलांनी नीट ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं.

"मागच्या दारानं जावं लागायचं, मंग सोडलं कावून न्हाई त्यांनी? आमी सोडली का न्हाई?"

मी म्हटलं, बघून सांगतो. पुढचे काही दिवस मी धागा ओढताना, वजन बघताना तोच विचार करत होतो. बीडच्या वाचनालयात अमेरिकेच्या इतिहासाचं एक जाड पुस्तक होतं, ते आणलं. त्यात एका ठिकाणी होतं, की गुलामांना ढोल वाजवायला बंदी होती. ढोलाच्या आवाजानं एका फडातून दुसऱ्या फडाला निरोप जाईल, माणसं उठतील, ही मालकांना भीती. बऱ्याच ठिकाणी त्यासाठी कायदाच केलेला. मग त्यांनी हातानं टाळ्या, पायानं जमीन, मांडीवर थापा, असा ठेका जिवंत ठेवला. मी पुस्तक मिटलं आणि सरळ ओट्यावर वडिलांकडं गेलो.

"दादा, त्यांना वाजवू देत नव्हते. आपल्याला वाजवायला लावत होते."

ते सरसावून बसले. मग म्हणाले, "म्हंजी त्यांनी वाजवलं आन आमी सोडलं. मालकाचं दोघांनीबी ऐकलं न्हाई."

तिसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून विषय काढला. मी येतो संगं, म्हणाले. बघतो कसे लोक हायत. मला पटलं न्हाई तर उठीन, तवा तूबी उठायचं. मी कबूल केलं.

औरंगाबादला आम्ही दुपारीच पोचलो. हॉलमध्ये खुर्च्या मांडणं चाललेलं, वीस-पंचवीस शौकीन जमलेले, कुणी तबकड्या पुसतंय, कुणी एका ड्रमरवरून दुसऱ्याशी हमरीतुमरीवर आलेलं. मला वाटलं, आपण घरीच आलो. इंजिनिअरनं वडिलांना हाताला धरून पुढच्या ओळीत बसवलं. मग म्हणाला, संध्याकाळच्या आधी एकदा वाजवून बघा.

आम्ही आमच्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं बसवलं होतं. सुरुवात केली ती पळतच. फिटर बारीक आवाजात, डोळे मिटून, जीव तोडून गात होता. निम्म्यात आम्ही आणखी वेग घेतला आणि शेवटाला तर धुरळाच. थांबलो. मग एक जण हळूच म्हणाला, छान आहे, पण गाडी चुकत होती का कुणाची?

हसले सगळे. मी पदवीधर माणूस, मी उभा राहिलो आणि सिद्धान्त मांडला. हे गट बाजू संपत आली की लय आणि सूर दोन्ही चढवतात, भजनासारखं, आम्ही बारकाईनं ऐकलंय. कुणी मला अडवलं नाही. इंजिनिअरनं खोक्यातून ती तबकडी काढली आणि लावली.

इंजिनिअरच्या टेपवर हेच कधी ऐकलेलं, ते पार विसरून गेलो होतो; गाणं सुरू झालं आणि मी ओळखलंच नाही. संथ, जड. ओल्या रानात नांगर चालावा तसं. मी वाट बघत होतो, आता चढेल, आता चढेल. ते शेवटपर्यंत तसंच चाललं आणि संपलं. गायक बाप्याच होता. मास्तर गिटारीच्या खुंट्यांकडं बघत बसला. आमच्या कॅसेटबरोबर जुळावं म्हणून तो दर गाण्याला तारा आणखी ताणायचा. कितीतरी तारा तोडल्या होत्या त्यानं त्यापायी.

आता गंमत अशी की त्या लोकांनी आमची टर उडवायची सोडून विचारायला सुरुवात केली. असं झालं कसं? कुठला टेप? लाईटवर की सेलांवर? फिटर म्हणाला, मेहमान के टेप में नवे सेल डाले, हमारे में पत्रे पे सुखाये हुवे. मग इंजिनिअर मोठ्यांदा हसायला लागला. उतरवताना आमचा टेप दमत दमत हळू झाला होता, म्हणून पुढं लाईटवर पूर्ण वेगानं लावला की तीच गाणी पळायची. बाजू जितकी संपत आलेली, सेल तितका मेलेला, गाणं तितकं पळतं. अख्खा हॉल हसला, आम्हीही हसलो. दुसरं करणार काय?

त्या हसण्यातच मघाशी ड्रमरवरून भांडणारे एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ माझ्याजवळ आले. माणूस चांगला होता, मनात काही नव्हतं त्याच्या. म्हणाले, वेगाचं सोडा हो, तुमचा हात वेगळाच आहे. हा हलगीचा हात आहे. घरात हलगी आहे का तुमच्या?

मी वडिलांकडं पाहिलं. पुढच्याच ओळीत होते, त्यांनी ऐकलं होतं. ते उठले. मला वाटलं, संपलं. मी हातातल्या काड्या खाली ठेवल्या. आता चला म्हणतील आणि आपण जायचं, कबूल केलंय.

ते त्या गृहस्थांच्या समोर जाऊन उभे राहिले. "व्हती," म्हणाले. "माझी. सोडली मी ती. गाव बोलवायचं, मी जायचो, म्हणून सोडली. ह्याला कुणाच्या बापाचा हुकूम न्हाई. ह्यो आपल्या मर्जीनं आलाय."

त्या गृहस्थांनी हात जोडले. वडिलांनीही जोडले, परत खुर्चीवर येऊन बसले आणि मला म्हणाले, "खाली कावून ठिवल्या? घे."

संध्याकाळी आम्ही वाजवलं. तबकडीच्या चालीनं वाजवायचं असं ठरवलं होतं. सुरुवातीला जमलंही, पण फिटरच्या घशात तो वेग असा बसलेला की निम्म्यात आम्ही तिघं पुन्हा पळत सुटलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वडील हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत बसून होते. त्यांच्या बोटांनी ठेका धरला, असं लिहायला मला आवडलं असतं. त्यांनी धरला नाही. पुढंही कधी नाही. सोडलेली गोष्ट त्यांनी सोडलेलीच ठेवली.

महिन्याभरानं आम्ही पालीला गेलो. वस्तीवर टँकरची वाट बघत घागरींची रांग लागलेली. मी आईची घागर घेऊन उभा होतो, वडील लिंबाखाली बसलेल्या माणसांत. कुणीतरी विचारलं, पोराची जिनिंग बंदच हाय का? वडील म्हणाले, बंदच हाय, पर पोरगं औरंगाबादला गेलतं, वाजवाया. सगळ्यांच्या माना त्यांच्याकडं वळल्या. त्या वस्तीत हा शब्द असा कुणी उच्चारत नव्हतं, आणि उच्चारला होता त्यांनी. एका म्हाताऱ्यानं विचारलं, कुणी बोलीवलं? कुणी न्हाई, वडील म्हणाले, आपल्या मनानं गेलतं, मीबी व्हतो संगं.

आणि मग त्यांनी रॉकचा सगळा इतिहास सांगितला. त्यांच्या सांगण्यात नदी बरीच मोठी झाली होती, बोटी आगगाड्या झाल्या होत्या, इंग्लंड अमेरिकेच्या शेजारी आलं होतं. ढोलाच्या बंदीचं मात्र त्यांनी नेमकं सांगितलं, मालकाबद्दल तर असे बोलले की जणू तो पलीकडच्या गावचा आहे. लोक ऐकत होते. मी एकाही ठिकाणी दुरुस्ती केली नाही.

रांगेतली एक म्हातारी, आमच्या नात्यातली, पदर डोक्यावर ओढून सगळं ऐकत होती. तिनं मलाच विचारलं, "लेकरा, तिथं पाऊस पडतो का रं?"

"पडतो की आजी. नदीला पूर येतात. पुराचीपण रडायची गाणी हायत त्यांची."

"पाणी हाय, काळी जमीन हाय," ती म्हणाली, "मंग एवढं रडाया काय झालं त्यांना?"

बाकीचेही माझ्याकडं बघायला लागले. वडीलसुद्धा. मी घागर खाली ठेवली आणि सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात रस्त्याच्या वळणावर टँकर दिसला आणि सगळी रांग उठली.